पासपोर्ट भारताचा, रायफल सिंगापूरची! १८ वर्षांच्या पोरांना सक्तीने सैन्यात नेणारा देश त्यांना ट्रेनिंग कसं देतो?

आपल्याकडे सैन्यभरती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणारी पोरं, मैदानाबाहेर लागलेली रांग आणि उंची किंवा छाती थोडक्यात कमी भरली म्हणून हिरमुसून घरी परतणारा एखादा. सैन्यात जायला मिळावं म्हणून आपल्याकडे पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात.

सिंगापूरमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. तिथे मुलगा अठराचा झाला की सैन्यच त्याला बोलावतं. त्याला जायचंय की नाही, हे कोणी विचारत नाही. आणि गेला नाही तर कोर्टात उभं राहावं लागतं.

यात आपला काय संबंध, असं वाटेल. पण संबंध दोन आहेत. सिंगापुरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या बऱ्याच मराठी घरांतल्या मुलांनाही हा नियम लागू होतो. आणि दुसरं म्हणजे, सिंगापूरचे तोफखान्याचे जवान सरावासाठी थेट आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत येतात. नेमका काय आहे हा सगळा प्रकार, बघूया.

कोणाला जावं लागतं?

सिंगापूरमध्ये या सक्तीच्या सेवेला 'नॅशनल सर्व्हिस' म्हणतात, बोलताना नुसतं 'एनएस'. देशाचे नागरिक असलेले सगळे मुलगे त्यात येतात. मुलींना सक्ती नाही, त्या स्वतःहून सैन्यात जाऊ शकतात.

नागरिकांबरोबरच 'पीआर' म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी असलेल्यांनाही हा नियम आहे, पण त्यात एक बारकावा आहे. समजा, पुण्याचा एखादा इंजिनिअर सिंगापूरला गेला आणि नोकरीच्या जोरावर त्याला पीआर मिळाला. त्याला स्वतःला साधारणपणे सैन्यात जावं लागत नाही. पण त्याने आपल्याबरोबर मुलालाही पीआर घेतला, तर त्या मुलाला मात्र एनएस चुकत नाही.

पीआर घेतल्याने नागरिकत्व बदलत नाही. म्हणजे मुलाच्या खिशात पासपोर्ट भारताचा असू शकतो आणि खांद्यावर रायफल सिंगापूरच्या सैन्याची.

साडेसोळा वर्षं झाली की नावनोंदणीची नोटीस येते. मग वैद्यकीय तपासणी होते. त्यात शरीर किती तंदुरुस्त आहे, याप्रमाणे श्रेणी मिळते आणि कोणाला कसलं काम द्यायचं, हे त्या श्रेणीवरून ठरतं. बहुतेकांच्या वाट्याला सैन्य येतं, काहींना पोलीस दल, तर काहींना आग विझवणारं आणि बचावकार्य करणारं नागरी संरक्षण दल. बारावीच्या तोडीचं शिक्षण किंवा डिप्लोमा चालू असेल तर तो पूर्ण होईपर्यंत थांबतात. पण त्यानंतर आधी एनएस आणि मग युनिव्हर्सिटी. कॉलेजात मिळालेली जागा दोन वर्षं राखून ठेवली जाते.

टाळायचा प्रयत्न केला तर १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही. मुलगा १३ वर्षांचा झाला की ३ महिने किंवा त्याहून जास्त काळ परदेशात राहण्यासाठीही सरकारी परवाना काढावा लागतो.

सवलत मिळणं किती अवघड आहे, याचं एक उदाहरण. जोसेफ स्कूलिंग या जलतरणपटूला ऑलिम्पिकच्या तयारीसाठी सेवा पुढे ढकलू दिली गेली. त्याने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये सिंगापूरला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पण सेवा पुढे गेली, माफ झाली नाही. २०२२ मध्ये तो इतरांसारखाच सैन्यात दाखल झाला. आणि बेन डेव्हिस या तरुण फुटबॉलपटूला २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅम क्लबचा करार मिळाला, तेव्हा सेवा पुढे ढकलण्याचा त्याचा अर्ज नाकारला गेला.

एवढी सक्ती आली कुठून?

९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळा झाला. तेव्हा या देशाकडे पायदळाच्या फक्त दोन बटालियन होत्या. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया आणि दोघांशीही संबंध ताणलेले. ब्रिटिश सैन्य तळ ठोकून होतं, पण ते कायम राहणार नाही, हे दिसत होतं.

पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी सैन्य उभं करायला सर्वात आधी कोणाकडे मदत मागितली असेल? भारताकडे आणि इजिप्तकडे. लाल बहादूर शास्त्रींना त्यांनी लष्करी सल्लागार पाठवण्याची विनंती केली होती. उत्तरात शुभेच्छा आल्या, सल्लागाराचा उल्लेख मात्र नव्हता, असं ली यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे.

मग मदतीला आला इस्रायल. शेजारचे दोन्ही देश मुस्लिमबहुल, त्यामुळे ही गोष्ट बाहेर कळू द्यायची नव्हती. म्हणून या इस्रायली अधिकाऱ्यांना 'मेक्सिकन' म्हटलं जायचं! थोडे पगारी सैनिक, आणि बाकी सगळ्या तरुणांना ट्रेनिंग देऊन राखीव ठेवायचं, हा इस्रायलसारखाच साचा सिंगापूरने घेतला.

मार्च १९६७ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ९०० तरुणांची पहिली तुकडी दाखल झाली. लोकांना हे रुचलं का? सुरुवातीला नाही. १९५४ मध्ये ब्रिटिशांनी अशी सक्ती आणायचा प्रयत्न केला, तेव्हा चिनी शाळांतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या घरचा मुलगा शिपाई होत नाही, अशा अर्थाची एक जुनी चिनी म्हण तिथल्या घराघरांत माहीत होती. शिवाय सक्ती 'सगळ्यांना सारखी' असली तरी सुरुवातीच्या वर्षांत मलय तरुणांना फारसं बोलावलं जात नव्हतं. तो विश्वासाचा प्रश्न पुढे बरीच वर्षं चर्चेत राहिला.

बेटावरचे पहिले नऊ आठवडे

सैन्यात जाणाऱ्या बहुतेक पोरांची सुरुवात होते पुलाऊ टेकाँग या बेटावर. मलय भाषेत पुलाऊ म्हणजे बेट. इथे एकेकाळी गावं होती. १९८० च्या दशकात शेवटच्या रहिवाशांना हलवलं गेलं आणि आता बेट पूर्णपणे सैन्याच्या ताब्यात आहे.

पहिल्या दिवशी आईवडीलही बरोबर येतात. चांगीच्या धक्क्यावरून फेरीबोट, मग मुलगा राहणार ती खोली बघायची, पोरांनी शपथ घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून सैन्याच्या भोजनगृहात जेवायचं. शाकाहारी मुलांसाठी वेगळ्या जेवणाची सोय असते. जेवण झालं की आईवडील परतीच्या बोटीने निघतात आणि पोरांना न्हाव्यासमोर बसवतात. मशीन फिरतं आणि काही मिनिटांत सगळे सारखे दिसायला लागतात. बँकेच्या साहेबाचा मुलगा कोणता आणि टॅक्सीवाल्याचा कोणता, हे ओळखू येत नाही. सरकारला नेमकं तेच हवं असतं. चिनी, मलय, भारतीय अशा वेगवेगळ्या समाजांतली मुलं एका खोलीत राहून एक व्हावीत, हा एनएसचा दुसरा हेतू उघडपणे सांगितला जातो.

तंदुरुस्त मुलांसाठी हे प्राथमिक ट्रेनिंग नऊ आठवड्यांचं असतं. वजन जास्त असलेल्यांना त्याहून बरंच लांब. शाळेत असतानाच ठरलेली शारीरिक चाचणी पास केली असेल, तर एकूण दोन वर्षांच्या सेवेतले दोन महिने कमी होतात. त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षीच पोरं पुलअप्स मारताना दिसतात.

सुरुवातीचे साधारण दोन आठवडे घरी सोडत नाहीत. पहाटे उठायचं, पलंगावरची चादर एकही सुरकुती न ठेवता घालायची, खोली झाडायची, संडास घासायचे. ज्याने घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, त्याला हे धावण्यापेक्षा जड जातं.

कवायतीचे हुकूम मलय भाषेत दिले जातात. 'सेदिया' म्हणजे सावधान, 'सनांग दिरी' म्हणजे विश्राम. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मैदानावर मलय, असा तिहेरी प्रकार तिथल्या मराठी पोराच्या वाट्याला येतो.

मग हातात रायफल येते. सिंगापूरमध्येच बनलेली 'सार २१'. ती द्यायचा रीतसर कार्यक्रम होतो. त्यानंतर ती खोलायची, पुसायची, जोडायची आणि कधीही नजरेआड होऊ द्यायची नाही.

सगळ्यात जास्त धास्ती असते ती जंगलातल्या मुक्कामाची. सलग काही दिवस झाडीत राहायचं, पाकिटातलं जेवण खायचं, आडवं पडता येईल एवढा खड्डा स्वतः खणायचा. आंघोळ नाही, अंगाला पावडर लावायची आणि पुढे चालायचं. याच मुक्कामात पोरांना आईवडिलांनी लिहिलेली पत्रं वाटायची प्रथा आहे. घामाने आणि चिखलाने माखलेली अठरा वर्षांची पोरं ती पत्रं वाचताना रडतात, हे तिथे कोणी लपवत नाही.

शेवटी २४ किलोमीटरची चाल. पाठीवर ओझं, हातात रायफल. ती संपते दीक्षान्त संचलनाने. टोप्या हवेत उडतात, आईवडील गर्दीतून आपला मुलगा शोधतात आणि त्याच्या नावापुढचं 'रिक्रूट' जाऊन 'प्रायव्हेट' लागतं.

या पोरांची स्वतःची भाषा

लाखो पुरुष एकाच अनुभवातून गेले की त्यातून भाषा तयार होतेच. शनिवार-रविवारी घरी सोडणं म्हणजे 'बुक आउट'. आजारपणाचं सोंग करून ट्रेनिंग चुकवणं म्हणजे 'चाओ केंग'. साहेब समोर आले की कामाचं नाटक करणारा 'वायांग' करतो. वायांग म्हणजे मलय भाषेत नाटक किंवा खेळ. आणि सगळ्यात लाडका शब्द 'ओआरडी', म्हणजे सेवा संपायची तारीख. ती किती दिवसांवर आली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं सांगतात.

२०१२ मध्ये 'आह बॉइज टू मेन' नावाचा सिनेमा याच ट्रेनिंगवर आला आणि तिथे तुफान चालला. कारण साधं आहे. थिएटरमधल्या जवळपास प्रत्येक घरात कोणी ना कोणी टेकाँगला जाऊन आलेलं होतं.

मग देवळालीचा संबंध कुठे आला?

नऊ आठवड्यांनंतर कामं वाटली जातात. कोणी पायदळात, कोणी रणगाड्यांवर, कोणी तोफखान्यात. कोणी ड्रायव्हर, कोणी कारकून, कोणी गोदामात. काहींची निवड अधिकारी होण्याच्या ट्रेनिंगसाठी होते.

इथे देशाचा आकार आडवा येतो. सिंगापूरचं क्षेत्रफळ साधारण ७३५ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं, त्याहून थोडंसं जास्त. आपल्या एका नाशिक जिल्ह्यात असे वीसेक सिंगापूर मावतील. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ५० किलोमीटरच्या आसपास आणि उत्तर-दक्षिण त्याच्या निम्मं. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा २०-३० किलोमीटर जातो. तो मारायचा कुठे? गोळा एक तर कोणाच्या तरी बिल्डिंगवर पडेल, नाही तर शेजारच्या देशात!

म्हणून सिंगापूरचं सैन्य सरावासाठी परदेशांत जागा घेतं. तैवानमध्ये १९७५ पासून. ब्रुनेईत घनदाट जंगल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधलं शोलवॉटर बे, जे एकटंच सिंगापूरच्या काही पट आहे. न्यूझीलंडमध्ये वाइऊरू. आणि भारतात रणगाड्यांसाठी झाशीजवळचं बबिना आणि तोफांसाठी देवळाली.

देवळालीला भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे आणि जवळच गोळीबाराची मोठी मैदानं. तिथे भारत आणि सिंगापूरच्या तोफखान्यांचा 'अग्नी वॉरियर' नावाचा संयुक्त सराव होतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये झाला, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा झाला. ज्या भारताने १९६५ मध्ये सल्लागार पाठवला नाही, त्याच भारताच्या मैदानावर सिंगापूर आता तोफा डागतो.

परदेशातल्या अशा सरावांना पगारी सैनिकांबरोबर सक्तीच्या सेवेतले तरुणही जातात. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आधी घरापासून बेटावर, मग बेटावरून थेट दुसऱ्या देशात. ऑस्ट्रेलियातली कोरडी हवा असो की ब्रुनेईतले जळवांचे ओहोळ, घरच्या मैदानावर न मिळणारा अनुभव त्याला इथे मिळतो.

यात राजकारणही अडकतं. २०१६ मध्ये तैवानमधला सराव आटोपून बोटीने परत येणारी सिंगापूरची नऊ चिलखती वाहनं हाँगकाँगच्या बंदरात जप्त झाली. ती परत मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं.

ट्रेनिंगमध्ये जीव गेला तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. पगारी सैनिक धोका ओळखून स्वतःहून येतो. इथे मुलगा कायद्याने आणलेला असतो.

२०१२ मध्ये एका सरावात धुराचे बॉम्ब वापरले गेले. नियमाप्रमाणे दोनच वापरायला हवे होते, अधिकाऱ्याने सहा टाकले. त्या धुरातून जाणाऱ्या, दम्याचा त्रास असलेल्या २१ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. घरच्यांनी नुकसानभरपाईसाठी कोर्टात दाद मागितली. २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण सेवेत असताना झालेल्या अशा मृत्यूसाठी सरकारवर दावा लावता येत नाही, अशी तरतूद तिथल्या कायद्यात आहे. सक्ती करायला कायदा आहे, पण सक्ती करणाऱ्याला कोर्टात खेचायला नाही, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

२०१८ मध्ये आठ किलोमीटरच्या जलद चालीनंतर उष्माघाताने एका एकोणीस वर्षांच्या जवानाचा जीव गेला. आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या तोफखान्याच्या सरावात अलोयसियस पँग हा २८ वर्षांचा लोकप्रिय टीव्ही अभिनेता गेला. तो राखीव सैनिक म्हणून तिथे गेला होता. तोफेच्या आत दुरुस्तीचं काम चालू असताना तोफेची नळी खाली आली आणि तो चिरडला गेला. चार दिवसांनी त्याने प्राण सोडला.

या मृत्यूनंतर देश हादरला. सैन्याने सराव थांबवून सुरक्षेची तपासणी केली, ट्रेनिंगचा वेग कमी केला आणि सुरक्षेवर नजर ठेवायला महानिरीक्षकाचं नवं कार्यालय उभं केलं.

रोजच्या ट्रेनिंगमध्येही काळजीचे नियम आहेत. विषुववृत्ताजवळचा देश, बाराही महिने दमट उकाडा. त्यामुळे हवेतली उष्णता मोजूनच किती वेळ पळवायचं आणि किती वेळ बसवायचं, हे ठरतं. हुकूम देऊन सगळ्यांना एकाच वेळी बाटलीभर पाणी प्यायला लावतात, त्याला 'वॉटर परेड' म्हणतात. रिक्रूटला रात्री सात तास झोप द्यायचा नियम आहे. जुने लोक यावरून आजच्या पोरांना 'लाडावलेले' म्हणतात. पण यातले बरेच नियम कडक झाले ते कोणाचा तरी मुलगा घरी न परतल्यावर.

दोन वर्षांनी सुटका होते का?

पूर्णपणे नाही. आधी सेवा अडीच वर्षांपर्यंत होती, २००४ मध्ये ती दोन वर्षांवर आली. या काळात मिळतो तो पगार नव्हे, भत्ता. बाहेरच्या नोकरीच्या मानाने तो खूपच कमी.

ओआरडी झाली की माणूस राखीव सैनिक होतो. त्यानंतर दहा वेळा, वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवस, त्याला पुन्हा बोलावता येतं. सामान्य सैनिकाला चाळिशीपर्यंत आणि अधिकाऱ्याला पन्नाशीपर्यंत ही बांधिलकी असते. ऑफिसातला मॅनेजर दोन आठवड्यांसाठी पुन्हा गणवेश घालतो आणि कदाचित त्याच्याच ऑफिसातला ज्युनिअर त्याला तिथे हुकूम सोडत असतो. तेवढ्या दिवसांचा बुडालेला पगार सरकार भरून देतं. शिवाय दरवर्षी पुशअप्स, सिटअप्स आणि २.४ किलोमीटर धावण्याची चाचणी असतेच.

मराठी घरांसाठी खरा प्रश्न कोणता?

सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतात, दिवाळीचा फराळ होतो. या घरांत मुलगा लहान असतानाच एक निर्णय घ्यावा लागतो. त्याला पीआर घ्यायचा की नाही? घेतला तर शाळा, घर, पुढचं शिक्षण या सगळ्यात सोय होते. पण त्या अर्जावर सही करताना मुलगा चार-पाच वर्षांचा असतो आणि हिशेब मागितला जातो तो अठराव्या वर्षी, त्याच्याकडून.

मोठा झाल्यावर सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे कधी सिंगापुरात शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की त्याचा फटका बसू शकतो, असं सरकार स्पष्ट सांगतं. त्यामुळे 'बघू नंतर' हे उत्तर इथे महागात पडतं.

दुसरी बाजूही आहे. अनेक मुलं या दोन वर्षांतून शिस्त, जन्मभराचे मित्र आणि हा देश आपला आहे, अशी भावना घेऊन बाहेर पडतात. परक्या देशात वाढलेल्या मुलाला कुठल्याही कागदापेक्षा टेकाँगचा चिखल जास्त लवकर तिथला करून टाकतो, हेही खरं.

आपल्याकडे 'सगळ्या पोरांना दोन वर्षं सैन्यात पाठवा, सरळ होतील' अशी पोस्ट दर काही दिवसांनी फिरते. ती शेअर करण्याआधी सिंगापूरकडून एवढं नक्की घेता येईल. पोरांना न विचारता बोलावणं हे कायद्याच्या एका कलमाने होतं. पण त्यांची झोप, पाणी, बुडालेला पगार, कॉलेजची जागा आणि जिवाची जबाबदारी घेणं, हे काम साठ वर्षं होत आली तरी तिथे अजून पूर्ण झालेलं नाही.